दहा तारखेचा दिवा

आमच्या चाळीत कुणाकडे पैसे नसत म्हणून भाडं रखडे, असं मुळीच नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला त्या लोकांची उगाच दया यायला नको. कंपनीचा पगार सात तारखेला होई. सात तारखेच्या संध्याकाळी रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या गल्लीत भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मटणाचा वास सुटे, पोरांच्या हातात शेवचिवड्याच्या पुड्या दिसत, एखाद्या बाईच्या दंडाला नवं पोलकं घट्ट बसलेलं असे. भाडं द्यायचं दहा तारखेला. मधले तीन दिवस ते पैसे डब्यात, उशीखाली, देवाच्या फोटोमागे नुसते पडून असत. तरीही दहा तारखेला उन्हं उतरेपर्यंत एकही माणूस भाडं घेऊन आमच्या ओट्याची पायरी चढत नसे. या लोकांविषयी माझ्या मनात तेव्हा जी तुच्छता होती, ती इतक्या वर्षांत पुरती गेलेली नाही. तसं लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण तेवढं गाळलं तर या प्रकरणात उरतं काय, असंही वाटलं.

आम्ही मूळचे पेणकडच्या खाडीकाठचे. बाबा मिठागरात कामाला. दिवाळी झाली की ते मिठागरावरच्या झोपडीत राहायला जायचे ते थेट पावसाच्या तोंडावर परत यायचे. मधे कधी आले तर अंगाला, कपड्यांना, केसांनाही खारट वास असे. वरशाची जागा आईची. ती तिच्या वडिलांची एकुलती एक, म्हणून रोह्याला लागून असलेली ही जागा तिच्याकडे आली. शेजारी कारखाने उभे राहिले, माणसांना राहायला खोल्या हव्या होत्या. आईने बाबांच्या मागे लागून एका रांगेत चार खोल्या बांधून घेतल्या. भिंतींना बाहेरून गिलावा नाही, वर सिमेंटचे पत्रे. पहिल्या खोलीत आम्ही दोघी, बाकी तीन भाड्याने. मालकीण म्हणावं असं आमच्यात काहीच नव्हतं. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात बाबांनी पाठवलेली मिठाची गोणी असे आणि तिच्याखालची जमीन बारा महिने ओली. रोजचं जेवण म्हणजे तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. थंडीत वालाच्या शेंगा आल्या की आई बिरडं करी, तेव्हा मात्र तिन्ही खोल्यांतल्या माणसांना अचानक आमच्याकडे काहीतरी काम निघे. कंपनीचा भोंगा झाला की पत्रे हलकेच थरथरत. त्या भोंग्यावर माझा अभ्यास चाले. सकाळचा भोंगा होण्याच्या आत मला पेणची एसटी पकडायची असे.

चारही खोल्यांना मिळून अंगण एक आणि तुळस एक. संध्याकाळी आई तुळशीपुढे दिवा लावी, मग खोल्याखोल्यांतल्या देवांपुढे दिवे लागत. विजेचे दिवे होते, पण ते निराळे. आमच्या तुळशीपुढे दिवा लागल्याशिवाय कुणी देवाचा दिवा लावत नसे, आणि तो लागला की सगळे व्यवहार बंद. मग घरातून पैसा बाहेर द्यायचा नाही, मीठ द्यायचं नाही, केर काढायचा नाही. लक्ष्मी घरात यायच्या वेळी तिला बाहेर कशी काढायची? आई हे सगळं मनापासून पाळी. दुसऱ्याच्या घरातली लक्ष्मी दिवेलागणीनंतर आपण ओढून घ्यायची, हेही तिला पाप वाटे. म्हणून तिने पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलं होतं: भाडं दहा तारखेला, दिव्याच्या आत. भाडेकरूंनी त्याचा सोयीचा अर्थ काढला. दिव्याच्या आत म्हणजे दिव्याच्या अगदी आधी. आणि दिवा लागून गेला असेल, तर 'आता उद्या'.

आईसुद्धा कमी नव्हती. दहा तारखेला ती तुळशीपुढे पाट मांडून बसे. पणतीत तेल घातलेलं, वात भिजवलेली, हातात काडेपेटी. शेवटचं भाडं पडेपर्यंत काडी ओढायची नाही. अंधार पडत जाई, डास घोंगावत, चारही खोल्या देवाच्या दिव्यासाठी ताटकळत, पण आई हलत नसे. मग एकेक दार किलकिलं होई. बाई अजून बसलीय का, किती वेळ बसेल, आधी दुसरा कोणी जातो का, याचा अंदाज घेतला जाई. शेवटच्या खोलीतून इंदूवहिनीचा आवाज येई, "काकी, लावा की दिवा, डास फोडून खातायत."

"लावते ना गो," आई बसल्या जागेवरून म्हणे. "तू ये, मंग लावते."

दर महिन्याला हा खेळ. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होते. शिकलेल्या माणसाने या अंगणात कुठे बघावं, हेच मला कळत नसे.

आता भाडेकरूंविषयी. दुसऱ्या खोलीत गुरुजी राहत. ते रोह्यातल्या एका शाळेत शिकवत, कुटुंब गावी. चांगल्या खोतघराण्यातले. त्यांच्या आजोबांच्या काळी कुळं खंडाचं भात डोक्यावर वाहून त्यांच्या अंगणात टाकत आणि एक दिवस उशीर झाला तर उन्हात उभी राहत, हे त्यांनीच मला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. ती कुळं आमच्यासारखीच माणसं होती, हे सांगताना त्यांच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलंही असेल. हेच गुरुजी दहा तारखेला आई काडीला हात घालणार तेवढ्यात येत, नोटा अगदी टोकाला धरून तिच्या हातावर सोडत आणि वर म्हणत, "हिराबाई, लक्ष्मी काय दिवा बघून चालते? ही सगळी अंधश्रद्धा आहे. विज्ञानाचं युग आहे हे." मुलांना ते वक्तशीरपणावर निबंध लिहायला देत. तिसऱ्या खोलीत खांब गावचे दोघे भाऊ. दोघांच्या शिफ्ट वेगळ्या, त्यामुळे भाडं कायम दुसऱ्या भावाकडे असे. बारक्याला विचारलं तर "दादाकडं हाय", दादाला विचारलं तर "बारक्याकडं दिलंय मी". दोघे एकत्र सापडत ते फक्त दहा तारखेला, दिवेलागणीला.

आणि चौथ्या खोलीत इंदूवहिनी. महाडकडची, नवरा कंपनीत. सगळ्यात शेवटी तीच. गुरुजी आणि खांबचे भाऊ देऊन गेले तरी तिचा पडदा हलत नसे. आईच्या हातात काडी आली, काडीचं टोक पेटीला टेकलं, की मग ती पदराची गाठ सोडत सोडत सावकाश येई, जणू हळदीकुंकवाला निघाली आहे. शिवाय तिचा शुक्रवार. शुक्रवारी ती दिवसभर घरातून पैसा बाहेर काढत नसे. दहा तारीख शुक्रवारी आली की भाडं शनिवारी, तेही दिव्याला. मला खात्री होती की हे सगळं ढोंग आहे. जो कुणी पैसे देताना देवाचं नाव घेतो त्याला पैसे द्यायचे नसतात, असं माझं तेव्हाचं मत होतं.

(सध्या पेणमध्ये माझी एक खोली भाड्याने आहे. तिच्यात तीन मुलं राहतात, डोलवीला कंत्राटी कामावर जातात. त्यांच्याकडे ना तुळस, ना शुक्रवार. भाडं मोबाइलवर येतं, जागचं उठायलाही लागत नाही. तरी ते येतं दहा तारखेलाच, संध्याकाळी, मी फोन करायचा म्हणून चष्मा शोधत असते तेव्हा. म्हणजे अडचण तुळशीची नव्हती, माणसांची होती, असं मला वाटतं.)

आईने प्रत्येक खोलीला एकेक खर्च नेमून दिला होता. ती लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण हे तिचं पक्कं होतं. गुरुजींची खोली किराण्याची, खांबच्या भावांची खोली गावच्या घराची आणि बांधाची, आणि इंदूवहिनीची खोली माझ्या कॉलेजची. तेव्हा माझा राग नुसता तत्त्वाचा नव्हता, हे कबूल करायला हवं. माझी फी, माझी पुस्तकं, माझा एसटीचा पास, सगळं त्या बाईच्या पदराच्या गाठीत बांधलेलं होतं आणि ती गाठ सोडायला तिला दर महिन्याला अंधार लागायचा.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शाळेतसुद्धा माझ्याआधी कुणी फार पुढे गेलं नव्हतं. पेणच्या कॉलेजात मी शेवटच्या बाकाच्या अलीकडे बसे आणि शक्यतो बोलत नसे. बोलावंच लागलं तर वाक्य आधी मनात घोळवून घेई. घरातलं 'व्हय' तोंडातून जाऊ नये, 'नाय' जाऊ नये. 'हो' आणि 'नाही' हे दोन शब्द मी एसटीत खिडकीकडे तोंड करून म्हणून बघितलेले आहेत. मला सगळ्यात भीती वाटे ती ऑफिसच्या खिडकीतल्या क्लार्कची. त्या वर्षी परीक्षेचे फॉर्म सुटले तेव्हा मी बुधवारी नुसती चौकशी करायला गेले. ते चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "शुक्रवारी बारा वाजता खिडकी बंद. बाराला म्हणजे बाराला. तुम्ही गावाकडची मंडळी अगदी शेवटच्या दिवशी उगवता आणि मग रडता." रांगेतल्या दोन मुली हसल्या. मी 'हो' म्हटलं. नीट म्हटलं. पण घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते. मी शेवटच्या दिवशी उगवणाऱ्यांपैकी नव्हते. शेवटच्या दिवशी उगवणारे लोक आमच्या चाळीत राहत होते, आणि त्यांच्यामुळे मी त्यांच्यात मोजली जात होते.

त्याच आठवड्यात खाडीच्या बांधाला खांड पडली. उधाणाच्या आत ती बुजवली नाही तर खारं पाणी सगळ्या शेतांत शिरणार, म्हणून गावाने घरटी वर्गणी काढली. बाबांचा निरोप आला. आईने बुधवारी, म्हणजे नऊ तारखेला, सगळ्यांना सांगितलं की या वेळी भाडं एक दिवस आधी द्या, मला उद्या दुपारी गावाला जायचंय. मला वाटलं होतं केवढी गडबड उडेल. काही झालं नाही. गुरुजी आणि खांबचे भाऊ नऊ तारखेला आले, दिवेलागणीला, आईच्या हातात काडी असताना. त्यांचा शेवटचा क्षण तेवढा एक दिवस अलीकडे सरकला. म्हणजे इतकी वर्षं पैसे तयारच असत! आई मात्र नुसती हसली. एकट्या इंदूवहिनीने ऐकलं नाही. "दहा म्हंजे दहा, काकी. उद्या दिव्याच्या आत देते," ती म्हणाली. दोन खोल्यांचे पैसे कमरेला लावून आई गुरुवारी दुपारी गावाला गेली. जाताना मला म्हणाली, "सांजच्या गाडीनं येते. दिवा तू लाव. पण इंदू आल्याबिगर लावू नको. तिचं पैसं म्हंजे तुझा फारम."

म्हणजे शुक्रवारी बाराच्या आत पेणला फॉर्म भरायचा, आणि घरात त्यासाठी एकच पैसा येणार होता, इंदूवहिनीचा.

मी कॉलेजातून आले, हातपाय धुतले, पणती घासली, तेल घातलं, वात लावली आणि पाटावर बसले. ऊन अजून अंगणाबाहेरच्या चिंचेच्या शेंड्यावर होतं. चौथ्या खोलीचा पडदा एकदा हलला. आत बांगड्या वाजल्या. ती बघत होती. मी तिथे बसलेय आणि ती बघतेय, आणि आता अंधार पडेपर्यंत असंच चालणार, आणि मग ती हळदीकुंकवाला आल्यासारखी येणार. क्लार्कचा आवाज मला पुन्हा ऐकू आला. माझ्या मनात एक वाक्य तयार झालं: 'वहिनी, वेळ म्हणजे वेळ.' दिवा लागलेला बघून ती धावत येईल, चारचौघांत ओशाळेल, नोटा माझ्या हातात कोंबेल, आणि मी ते वाक्य म्हणेन. इतकं सगळं मी ठरवलं आणि काडी ओढली. घड्याळात पावणेसहाही झाले नव्हते.

इंदूवहिनी बाहेर आली. धावत नाही, पण नेहमीपेक्षा लवकर पावलं टाकत. नोटा मुठीत होत्या. कपडे वाळत घालायच्या तारेपाशी आल्यावर तिला पणतीची ज्योत दिसली आणि ती तिथेच थांबली.

"आज लौकर गो?"

"वेळ झाली," मी म्हटलं.

तिने चिंचेकडे बघितलं. "ऊन हाय अजून."

"घड्याळात झाली."

तिने मूठ उघडली, नोटा सरळ केल्या, पदराच्या टोकात ठेवल्या आणि गाठ मारली. अगदी सावकाश मारली. मला वाटलं ती मला खिजवतेय. मग ती म्हणाली, "आता कशी देऊ? दिवा लागला. नि उद्या शुक्रवार." आणि वळून खोलीत गेली. माझं वाक्य माझ्याजवळच राहिलं.

आई आली तेव्हा तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत बांधाचा चिखल वाळला होता. अंगणात शिरताच तिने पणतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इंदू आली हुती?"

"आली होती. गेली."

"गेली म्हंजे?"

"दिवा आधी लागला."

"आदी लागला, का आदी लावलास?"

आई पायरीवर बसली आणि नखाने पायाचा चिखल खरवडायला लागली. मारलं असतं तर बरं झालं असतं. चिखल झटकत ती म्हणाली, "तिला शिकवाया गेलीस. तू शिकतेस तेवढं पुरं नाय काय घरात?"

मी गुरुजींकडे गेले. माझ्या सगळ्या आयुष्यात मी कुणाकडे इतक्या कमी उत्साहाने गेलेली नाही. ते खाटेवर बसून मुरमुरे खात रेडिओवरच्या बातम्या ऐकत होते. मी घोळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं: फॉर्मचा उद्या शेवटचा दिवस आहे, तेवढे उसने मिळाले तर आई शनिवारी परत करेल. गुरुजींनी रेडिओचा आवाज कमी केला आणि चेहरा गंभीर केला.

"दिले असते गं. शिक्षणाला नाही म्हणणारा मी नव्हे. पण दिवा लागला ना."

मला वाटलं ते थट्टा करतायत. "गुरुजी, तुम्हीच म्हणता ना, लक्ष्मी दिवा बघून चालत नाही."

"मी मानत नाही गं," ते म्हणाले. "पण तुझी आई मानते. तिचा नियम मी मोडला तर तिच्या मनाला काय वाटेल? माणसाने दुसऱ्याच्या भावनांचा आदर करावा." आणि त्यांनी मला मूठभर मुरमुरे दिले. ते मी घेतले, हे आठवून आजही अंग चोरायला होतं.

मग राहिली इंदूवहिनी. तिच्या दारात मी किती वेळ उभी होते कोण जाणे, शेवटी तिनेच पडदा बाजूला केला. ती भाकऱ्या थापत होती. मी पैसे मागितले नाहीत, मागायचं धाडस नव्हतं. मी भांडायला लागले. सात तारखेपासून पैसे घरात आहेत ना, मग आठला का देत नाही, नऊला का देत नाही, आमचाच जीव का टांगता ठेवता, असलं सगळं. ती परातीत भाकरी फिरवत ऐकत राहिली.

"व्हय, घरात असतात," ती म्हणाली. "ते बघ त्या डब्यात. सात तारखेला आणून ठेवतात हे. तीन दिवस डबा भरलेला असतो गो. येता-जाता झाकण काढून बघते. दहाला जायचंच हाय त्यांनी. आदी कशाला पाठवू?"

इतकं बावळट कारण मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. नड असती, दुखणं असतं, नवरा पीत असता, तर मी समजून घेतलं असतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याला जागा होती. डबा उघडून बघायला जागा नव्हती. "आणि शुक्रवार?" मी विचारलं. "तोही त्याच्यासाठीच?"

तेव्हा मात्र तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "शुक्रवार माझा खरा हाय. त्याला नावं ठेवू नको. आनि दिवा मी नाय लावला, बाय. तू लावलास."

शुक्रवारी सकाळी मी साडी नेसून, वही पिशवीत टाकून तयार झाले. फॉर्म भरला जाणार नव्हता, पण पास होता, म्हणून जायचं. आईने भाकरीबरोबर सुकट दिली ती मला गिळवेना. तेवढ्यात अंगणातून हाक आली. इतकी मोठी, की गुरुजी दात घासता घासता बाहेर आले.

"काकी! मीठ हाय काय गो घरात?"

इंदूवहिनी रिकामं सूप घेऊन उभी होती. मिठाच्या गोणीवर बसून शिकलेल्या मुलीच्या घरात मीठ आहे का, हे तिने विचारावं याचा मला संताप आला. आई मात्र क्षणभर तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम उठली. गोणीचं तोंड सोडून तिने सुपात मीठ ओतलं. जाडं, करड्या रंगाचं, बाबांनी भरलेलं.

"आणखी घाला," इंदूवहिनी म्हणाली. "फारम मोठा हाय."

आईने आणखी दोन ओंजळी घातल्या. इंदूवहिनीने मीठ हाताने सारखं केलं, सूप दोन्ही हातांनी उचलून आपल्या खोलीत नेऊन ठेवलं, मग परत येऊन पदराची गाठ सोडली आणि त्याच मिठाने ओलसर झालेल्या हातांनी नोटा माझ्यापुढे धरल्या. "मीठ म्हंजे बी लक्ष्मीच. एक आली, एक गेली. घर रिकामं नाय झालं ना माझं? झालं मंग. धर."

मी धरल्या. आभार मानावेत की काय, ते सुचेना, म्हणून मी चुकीचंच बोलले. "म्हणजे हे काल संध्याकाळीही जमलं असतं की!"

"दिव्यानंतर मीठ कोन देतं काय?" ती आईकडे बघून हसली. "काय काकी, ह्ये कॉलेजात नाय शिकवत वाटतं?"

आई हसली. गुरुजीही तोंडात ब्रश ठेवून हसले, आणि त्यांचं हसणं मला सगळ्यात जास्त लागलं. मी एसटीकडे धावले.

गाडी नागोठण्यात बराच वेळ उभी राहिली, वडखळला आणखी थांबली. कॉलेजात पोहोचले तेव्हा खिडकीपुढे रांग होती आणि रांगेत सगळे माझ्यासारखे, शेवटच्या दिवशी उगवलेले. कुणाचा बाप बाजारातून यायचा होता, कुणाचा मामा. मी त्यांच्याकडे तुच्छतेने बघायचा प्रयत्न केला, सवयीने, पण रांग पुढे सरकत होती आणि मी त्यांच्यातच होते. माझा नंबर आला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाचे काटे बाराला टेकायला आले होते. क्लार्कने माझ्याकडे ओळखून पाहिलं.

"आज सुचलं का?"

मी नोटा आत सरकवल्या. त्यांनी त्या उचलल्या आणि थांबले. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. मीठ नोटांना चिकटलं होतं, दोन खडे टेबलावर पडले.

"काय गं हे? नोटा मिठाच्या गोणीतून काढल्यास काय?"

मागे कुणीतरी हसलं. त्याच मुली होत्या की दुसऱ्या, मी वळून बघितलं नाही.

"व्हय," मी म्हटलं.

ते तोंडातून गेलं, आणि गेल्यावर मला ते परत घ्यावंसं वाटलं नाही. क्लार्कने बोटं रुमालाला पुसली, फॉर्मवर शिक्का मारला आणि पावती माझ्याकडे टाकली. मग खिडकीची फळी खाली आली. माझ्या मागे आणखी दोघं उभी होती. त्यांचं पुढे काय झालं, ते मी विचारायला थांबले नाही. थांबायला हवं होतं, असं आता वाटतं.

इथे खरं तर मी सांगायला हवं की त्यानंतर इंदूवहिनी बदलली, किंवा मी बदलले. तसं काही झालं नाही. पुढच्या महिन्याची दहा तारीख आली. आईने पाट माझ्याकडे सरकवला आणि काडेपेटी हातात दिली. का दिली, ते तिने सांगितलं नाही. गुरुजी आले, विज्ञानाच्या युगाविषयी बोलून गेले. खांबचे भाऊ आले. चिंचेवरचं ऊन गेलं, आकाश काळवंडलं, डास आले. चौथ्या खोलीचा पडदा एकदा हलला आणि पुन्हा सरळ झाला. आत डब्याचं झाकण वाजलं, उघडल्याचं आणि बऱ्याच वेळाने मिटल्याचं. काडी माझ्या बोटांत होती. मी ती ओढली नाही. शेवटी इंदूवहिनी आली, सावकाश, हळदीकुंकवाला निघाल्यासारखी, नोटा माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "लाव गो आता. किती येळ बसवून ठेवतेस सगळ्यांना."

मी तिला मनातल्या मनात एक चांगली सणसणीत शिवी दिली आणि दिवा लावला.